दिनविशेष : ५ जानेवारी – गाडीत बसून आकाशातून खाली

१९७३ : सोव्हिएत संघात तुला शहराजवळ विमानातून बीएमडी-१ ही हलकी चिलखती गाडी पॅराशूटने सोडण्यात आली, तीही आत दोन माणसे बसवून! अ‍ॅल्युमिनियमचे चिलखत, तरी वजन सात टनांच्या वर. तोवर गाडी एकीकडे पडे, जवान भलतीकडे उतरत. मग शत्रूच्या मुलखात आपलीच गाडी शोधत हिंडायचे. छत्रीदलाचे प्रमुख जनरल वासिली मार्गेलोव्ह यांना हे खपत नव्हते. पहिल्याच खेपेला त्यांनी आत बसवला तो पोटचा मुलगा अलेक्झांडर. सोबत लिओनिद झुयेव. आसने अंतराळवीरांच्या आसनांवरून बेतलेली. दोघे धडधाकट उतरले. अलेक्झांडरला ‘रशियाचा वीर’ किताब मिळायला मात्र १९९६ उजाडले.