छायाचित्राखालचे नाव, पगारपत्रकातील आकडा



मुलींना शिकवावे की नाही, हा प्रश्न आता आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी उरलेला नाही. उरला आहे तो त्याच्या पुढचा प्रश्न. मुलगी शिकली, हातात कला आली, पायात वेग आला, कचेरीत खुर्ची मिळाली. त्यानंतर तिला बरोबरीचा वाटा मिळतो का? इतिहास चाळून पाहिला तर असे दिसते की, ‘स्त्रियांस प्रवेश नाही’ अशी पाटी लावण्याची गरज फारशी कुणाला पडलीच नाही. अडवणूक होत असे ती सेवानियमाच्या एखाद्या पोटकलमात, प्रवासखर्चाच्या हिशेबात किंवा वर्तमानपत्रातील छायाचित्राखाली छापलेल्या नावात. अशाच काही हकीकती आज आपल्यापुढे ठेवावयाच्या आहेत.

प्रथम छायाचित्रणाकडे वळू. निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत खास स्त्रियांसाठी ‘जनाना स्टुडिओ’ उघडला. तेथे छायाचित्रे काढण्याचे काम मिसेस केनी-लेव्हिक या इंग्रज बाईंकडे सोपविले होते. गंमत पाहा. ज्या पडद्याकडे आपण केवळ अडसर म्हणून पाहतो, त्याच पडद्यामुळे कॅमेऱ्यामागे स्त्री उभी करणे भाग पडले! परंतु हे काम चार भिंतींच्या आतले. सभा, मिरवणुका, राजवाडे, विमानतळ येथे कॅमेरा घेऊन उभे राहणे म्हणजे पुरुषांचेच काम, ही समजूत त्यानंतर कित्येक वर्षे टिकली.

ती समजूत मोडणाऱ्या होमाई व्यारावाला यांचा जन्म १९१३ साली गुजरातेतील नवसारी येथे एका पारशी कुटुंबात झाला. वडील नाटक कंपनीत होते, त्यामुळे घरात संपत्ती बेताचीच. शिक्षण मुंबईत झाले. जे. जे. कला विद्यालयात त्या शिकल्या आणि छायाचित्रणाचे धडे त्यांनी माणेकशा व्यारावाला यांच्याकडून घेतले. पुढे त्यांच्याशीच विवाह झाला. त्यांची पहिली छायाचित्रे ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये छापून आली, तेव्हा एका छायाचित्राला एक रुपया मिळाला. रुपया मिळाला, पण नाव मिळाले नाही. प्रारंभीच्या काळातील त्यांची छायाचित्रे माणेकशांच्या नावाने प्रसिद्ध होत असत, कारण होमाई हे नाव कुणाच्या परिचयाचे नव्हते आणि ते एका बाईचे होते.

यात माणेकशांचा दोष काढण्याचे कारण नाही. बायकोला कॅमेरा हाती देणारा आणि अंधाऱ्या खोलीत तिच्या छायाचित्रांवर मेहनत घेणारा तो गृहस्थ होता. दोष होता तो रिवाजाचा. म्हणूनच ही हकीकत मला अधिक बोलकी वाटते. घरचे सगळे पाठीशी असले, तरीही काम एकीचे आणि नाव दुसऱ्याचे, असे घडू शकते.

१९४२ साली हे दांपत्य दिल्लीस गेले आणि होमाईंनी ब्रिटिश माहिती खात्यात नोकरी धरली. वजनदार स्पीड ग्राफिक कॅमेरा, चमकदिव्यांचे साहित्य, अंगावर साडी आणि वाहन म्हणून सायकल, असा त्यांचा दिल्लीतील संचार असे. जून १९४७ मध्ये फाळणीच्या प्रश्नावर नेतेमंडळी हात वर करून मत देत होती, तो क्षण त्यांच्या कॅमेऱ्याने टिपला. ऑगस्ट १९४७ मध्ये लाल किल्ल्यावर फडकलेला तिरंगा, गांधीजींची अंत्ययात्रा, पंडित नेहरूंच्या कितीतरी मुद्रा हे सर्व त्यांनी टिपले. आपल्या शालेय पुस्तकांतून त्या काळची जी चित्रे डोळ्यांसमोर येतात, त्यांतील काही या बाईंची आहेत, हे किती विद्यार्थ्यांना ठाऊक असेल?

बाई आहे, हिला काय कळणार, असे समजून लोक त्यांच्याकडे दुर्लक्ष करीत आणि त्यामुळे आपल्याला हवे ते छायाचित्र निवांतपणे मिळे, असे त्या उतारवयात सांगत. त्यांच्या पहिल्या मोटारीच्या पाटीवर ‘डीएलडी १३’ हा क्रमांक होता, त्यावरून ‘डालडा १३’ हे त्यांचे टोपणनाव पडले. १९७० साली त्यांनी व्यवसाय सोडला. पुढे बडोद्यास त्यांचे वास्तव्य इतके शांत होते की, जगाला त्यांची फारशी आठवण उरली नव्हती. सबीना गडिहोक या अभ्यासिकेने त्यांच्यावर लिहिलेले पुस्तक २००६ साली प्रसिद्ध झाले, २०११ साली पद्मविभूषण मिळाले आणि जानेवारी २०१२ मध्ये, वयाच्या ९८ व्या वर्षी, त्यांनी या जगाचा निरोप घेतला. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून आज त्यांचे नाव घेतले जाते. ज्या नावाला छापण्याजोगे मानले गेले नव्हते, तेच हे नाव.

आता मैदानावर चला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी भारताने चार मुली पाठविल्या. नीलिमा घोष व मेरी डिसोझा या धावपटू, तर डॉली नाझीर व आरती साहा या जलतरणपटू. आरती तेव्हा बारा वर्षांचीही पूर्ण झालेली नव्हती! (पुढे १९५९ साली हिनेच इंग्लिश खाडी पोहून पार केली आणि तसे करणारी ती आशियातील पहिली स्त्री ठरली.) मेरी डिसोझा मुंबईच्या वांद्र्याची. निवड तर झाली, पण जाण्यायेण्याचा पैसा कोठून आणावयाचा? अखेर मित्रमंडळी व शेजारीपाजारी यांनी कार्यक्रम भरवून निधी जमविला, तेव्हा कुठे तिचे जाणे झाले. हेलसिंकीत पहिल्याच फेरीत ती बाद झाली, हेही सांगितले पाहिजे. मात्र दोनच वर्षांनी, १९५४ च्या मनिला आशियाई स्पर्धेत, भारताच्या चार मुलींनी १०० मीटरच्या चौकडी शर्यतीत सुवर्णपदक मिळविले आणि त्या चौघींत मेरी होती. हॉकीतही ती देशाकडून खेळली. शासनाचा ध्यानचंद पुरस्कार तिला २०१३ साली मिळाला. हेलसिंकीनंतर एकसष्ट वर्षांनी!

क्रिकेटची कथा आपल्या मुलांना अधिक जवळची वाटेल. भारतीय महिला संघ पहिला कसोटी सामना १९७६ साली खेळला. त्या पिढीतील डायना एडलजी आणि शांता रंगास्वामी यांनी आरक्षण नसलेल्या डब्यातून केलेल्या प्रवासाच्या आठवणी सांगितल्या आहेत. १९८६ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर डायना एडलजी यांना लॉर्ड्सच्या पॅव्हिलियनमध्ये जाण्यास मनाई झाली, कारण एकच, त्या स्त्री होत्या. त्या मैदानाचा मालक असलेल्या क्लबाने स्त्रियांना सभासदत्व द्यावयाचे ठरविले ते १९९८ साली. आपल्याकडे महिला क्रिकेटचा कारभार २००६ मध्ये नियामक मंडळाकडे आला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये मंडळाने सामन्याचे मानधन स्त्री-पुरुषांना सारखे केले : कसोटीस १५ लाख, एकदिवसीय सामन्यास ६ लाख, वीस षटकांच्या सामन्यास ३ लाख रुपये. टाळ्या जरूर वाजवाव्यात, पण हिशेबही पाहावा. त्याच वेळी वार्षिक करारात पुरुषांच्या सर्वोच्च श्रेणीस ७ कोटी आणि स्त्रियांच्या सर्वोच्च श्रेणीस ५० लाख रुपये होते. तीन वर्षांनी, नोव्हेंबर २०२५ मध्ये, याच मुलींनी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला.

मैदानावरील या स्त्रियांपैकी अनेकींचे घर रेल्वेच्या नोकरीवर चालले. तेव्हा आता कचेरीत शिरू.

सी. बी. मुथम्मा या १९४९ साली भारतीय परराष्ट्र सेवेत आलेल्या पहिल्या महिला. सेवेत येतानाच त्यांच्याकडून लिहून घेण्यात आले की, विवाह केल्यास राजीनामा द्यावा लागेल. पुरुष अधिकाऱ्यांकडून असे काही लिहून घेतले जात नव्हते. बढतीत डावलले गेल्यावर त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. खटला उभा राहीपर्यंत सरकारने त्यांना बढती देऊन टाकली, म्हणून १९७९ साली अर्ज निकालात निघाला. पण न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या नियमावर कडक ताशेरे ओढले आणि सर्वच सेवानियम तपासून पाहण्यास सरकारला सांगितले.

हवाई सुंदरींचा खटला त्यानंतरचा. एअर इंडियाच्या नियमानुसार हवाई सुंदरीची नोकरी पस्तिसाव्या वर्षी संपे, अथवा पहिल्या चार वर्षांत विवाह केल्यास, अथवा पहिल्यांदा दिवस गेल्यास; यांपैकी जे आधी घडेल ते. त्याच विमानात सेवा करणारे पुरुष अठ्ठावन्न वर्षांपर्यंत नोकरीत राहत. नर्गिस मिर्झा व त्यांच्या सहकारी न्यायालयात गेल्या. न्यायमूर्ती मुर्तझा फजल अली यांनी १९८१ साली दिलेल्या निकालात गर्भारपणाची अट रद्द केली आणि ती भारतीय स्त्रीचा उघड अवमान करणारी आहे, अशा आशयाचे खडे बोल सुनावले. मात्र चार वर्षे विवाह न करण्याची अट त्याच निकालात कायम राहिली आणि तिचा कुटुंबनियोजनास उपयोग होतो, असेही एक कारण देण्यात आले. अर्धा दरवाजा उघडला, असेच म्हणावे लागेल.

पालकहो, मुलीचे नेमणूकपत्र घरी आले की आपण पगाराचा आकडा वाचतो आणि पेढे वाटतो. मागील पानावरील बारीक अक्षरांतील अटी कितीजण वाचतात?

आणि आकड्यापुरतेच बोलावयाचे तर मुंबईच्या ऑड्री डिकोस्टा यांची हकीकत वाचण्यासारखी आहे. मॅकिनॉन मॅकेंझी या कंपनीत त्या मोठ्या अधिकाऱ्यांच्या गोपनीय स्टेनोग्राफर होत्या. १९७६ साली समान वेतनाचा कायदा आला, तरी पुरुष स्टेनोग्राफरांपेक्षा त्यांना पगार कमीच होता. कंपनीचे म्हणणे असे की, अधिकाऱ्यांकडे बायकाच नेमल्या जातात, तेथे पुरुष नाहीतच, मग भेदभाव कसला? शिवाय पगार युनियनशी झालेल्या करारानेच ठरलेला आहे. १९७७ साली त्यांची नोकरी संपली, पण तक्रार संपली नाही. मजूर खात्याच्या अधिकाऱ्यापासून मुंबई उच्च न्यायालयापर्यंत आणि तेथून दिल्लीपर्यंत प्रकरण गेले. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, काम सारखे असेल तर पगार सारखा. एका विशिष्ट खुर्चीवर बायकांनाच बसवावयाचे आणि मग तेथे पुरुष नाही म्हणावयाचे, हे चालणार नाही. युनियनने सही केली म्हणून कायदा बाजूला सरत नाही, आणि कंपनीला परवडत नाही ही सबबही चालणार नाही. हा एका टंकलेखन यंत्रापुढे बसणाऱ्या बाईचा दहा वर्षांचा चिवटपणा!

हे तिन्ही निकाल देणाऱ्या खंडपीठांवर एकही स्त्री न्यायमूर्ती नव्हती, कारण सर्वोच्च न्यायालयात तोवर स्त्री न्यायमूर्ती झालीच नव्हती. त्या न्यायालयात पहिल्या प्रथम बसल्या त्या केरळच्या एम. फातिमा बीवी. त्यांना विज्ञानाची आवड होती. कायदा शिकण्याचा आग्रह धरला तो वडिलांनी. न्यायखात्यात नाव मिळविणाऱ्या अन्ना चंडी यांचे उदाहरण त्या वडिलांच्या डोळ्यांसमोर होते. मुलीने सनद घेतली ती नोव्हेंबर १९५० मध्ये. सर्वोच्च न्यायालयाचे कामही त्याच वर्षी सुरू झाले होते. त्याच्या दारातून न्यायमूर्ती म्हणून आत जाण्यास फातिमा बीवींना ऑक्टोबर १९८९ उजाडावा लागला.