साचा आणि पिढी

कुंभकोणम् येथे आमच्याकडे कोणी पाहुणा आला म्हणजे आम्ही त्यास प्रथम सांगतो की, बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव १८२८ साली याच गावी जन्मले. मग त्यास जवळच्या स्वामीमलै येथे मूर्तींचे ओतकाम पाहावयास नेतो. तेथील स्थपती मेणाची मूर्ती घडवितात, तीवर कावेरीच्या गाळमातीचे थर देतात, मेण वितळवून पोकळीत धातूचा रस ओततात व अखेरीस साचा फोडून टाकतात. एका साच्यातून एकच मूर्ती! पिढ्या बदलल्या, पण चोळकाळापासूनची कृती बदलली नाही.

पाहुणा मूर्तीचे चित्र ज्या मोबाइलने टिपतो, त्याच्या प्रोसेसरचा इतिहास नेमका उलट आहे. तेथे साचा काचेचा असून त्यावरील नक्षी प्रकाशाच्या साह्याने सिलिकॉनच्या चकतीवर पुनःपुन्हा उतरवितात. या कृतीस लिथोग्राफी, म्हणजे आपल्या जुन्या शिळाछापाचेच नाव आहे. येथे कृती बदलली म्हणजे पिढी बदलते. ॲपलचा २०१० चा ए४ हा ४५ नॅनोमीटर प्रक्रियेचा होता. २०१३ च्या ए७ मध्ये २८ नॅनोमीटरवर एक अब्जाहून अधिक ट्रान्झिस्टर बसले, तर २०२३ च्या ए१७ प्रोमध्ये ३ नॅनोमीटरवर १९ अब्ज.

तथापि या आकड्यांस वाचकांनी भुलू नये. पूर्वी आकडा ट्रान्झिस्टरच्या एका भागाची खरी लांबी दाखवीत असे. आता ते केवळ नाव उरले आहे. २०१५ चा ए९ सॅमसंगने १४ व तैवानच्या टीएसएमसीने १६ नॅनोमीटर प्रक्रियेने बनविला. बॅटरीच्या टिकाऊपणात फरक दोन-तीन टक्क्यांचाच, असे ॲपलने सांगितले. हुद्द्यावरून कामाचे माप निघत नाही, हे आम्हां सरकारी नोकरांस निराळे सांगावयास नको.

खरे महत्त्व आकड्यास नसून अखंडतेस आहे. मोहालीच्या सरकारी सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये १९८४ साली ५,००० नॅनोमीटरवर उत्पादन सुरू झाले व काही वर्षांतच ते ८०० वर आले. १९८९ साली तेथे आग लागली. कारखाना पुन्हा उभा राहिला, पण जग थांबले नव्हते. आज तेथील प्रक्रिया १८० नॅनोमीटरची आहे. प्रत्येक पिढीत सापडलेले दोष पुढच्या पिढीस शहाणे करतात. यंत्रे विकत घेता येतात, मधल्या हुकलेल्या पिढ्या घेता येत नाहीत.

गुजरातेत धोलेरा येथे २०२४ साली नव्या कारखान्याची पायाभरणी झाली. तो कितव्या नॅनोमीटरपासून आरंभ करतो, याची चिंता आम्ही करीत नाही. स्वामीमलैच्या स्थपतींप्रमाणे त्याने एकही पिढी मध्ये तुटू देऊ नये, एवढीच आमची अपेक्षा आहे.