कराचीची सेंट पॅट्रिक्स शाळा: एक जुने नाते

दर वर्षी जानेवारी उजाडला, की शाळेच्या वार्षिक अहवालाचा मसुदा माझ्या टेबलावर येऊन पडतो. मुख्याध्यापक तो मोठ्या निगुतीने तयार करतात. दहावीचा निकाल, शिष्यवृत्तीधारक, चित्रकलेच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट परीक्षा, तालुक्यातील खोखोचे अजिंक्यपद, विज्ञान प्रदर्शनातील उत्तेजनार्थ बक्षीस, निवृत्त झालेले शिपाईमामा, सारे त्यात असते. धर्मग्रामाचा प्रमुख धर्मगुरू हाच शाळेचा व्यवस्थापक असल्याने त्यावर अखेरचा हात फिरवण्याचे काम माझे. चार वर्षांपूर्वी हा हात जरा अधिकच फिरला. गुणवंतांच्या यादीत आपल्या कॅथलिक मुलांच्या नावांपुढे मी एकेक तारका घातली. धर्मग्राम परिषदेच्या बैठकांत एक प्रश्न सारखा कानी पडत असे: "फादर, जमीन आपली, वर्गणी आपल्या आजोबांची, आणि बक्षिसे मात्र कोण नेतो?" त्या प्रश्नाची धार थोडी कमी व्हावी, एवढाच माझा हेतू होता. पहिल्या दहांत तारका दोनच निघाल्या. स्नेहसंमेलनाच्या दिवशी अहवाल वाटला गेला, तेव्हा पहिल्या आलेल्या मुलीचे वडील ती पुस्तिका हातात घेऊन बराच वेळ उभे होते. ते काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही.

पुढे केव्हातरी कपाट आवरताना एक जुने इंग्रजी पुस्तक हाती आले. मुंबईत साहाय्यक धर्मगुरू असताना एका वृद्ध गृहस्थांना मी दर पहिल्या शुक्रवारी ख्रिस्तप्रसाद नेऊन देत असे. ते मूळचे वसईकडचे. वडील कराची बंदरात कारकून होते, म्हणून बालपण तिकडे गेलेले. मरणाआधी काही महिने त्यांनी ते पुस्तक मला दिले. आतल्या पानावर शिक्का आहे: सेंट पॅट्रिक्स हायस्कूल, कराची, १९४१. खाली एका डच धर्मगुरूंची सही. "आमच्या वर्गात पारशी, आमिल, मेमन, गोवेकर असे सगळे होते," ते सांगत. "वसईवाला मी एकटा." त्या शिक्क्यामुळे मी या शाळेचा इतिहास शोधू लागलो आणि लवकरच माझ्या ध्यानी आले, की हा इतिहास परक्या देशाचा म्हणून बाजूला ठेवता येण्यासारखा नाही.

१८४३ साली चार्ल्स नेपियरने सिंध जिंकला आणि १८४७ साली तो मुंबई इलाख्याला जोडला गेला. कराची त्या वेळी लष्करी छावणीचे व बंदराचे गाव होते. छावणीत आयरिश कॅथलिक शिपाई पुष्कळ. १८४५ साली तेथे जे पहिले छोटे चर्च उभे राहिले, ते आयर्लंडच्या आश्रयदात्या संताच्या, संत पॅट्रिकच्या नावाने. शाळेलाही पुढे तेच नाव मिळाले. कराचीच्या धर्मकार्याचे सूत्र मुंबईच्या हाती होते आणि मुंबईचे मिशन १८५८ पासून जर्मन येशूसंघीयांकडे आले होते. ज्या संघाने १८६९ साली मुंबईत सेंट झेवियर्सची स्थापना केली, त्याच संघाने त्याच्या आठ वर्षे आधी, १८६१ साली, कराचीत सेंट पॅट्रिक्स उघडले. दुसऱ्याच वर्षी, १८६२ साली, डॉटर्स ऑफ द क्रॉस या संघाच्या भगिनींनी तेथे मुलींसाठी सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट सुरू केले. वांद्र्याचे सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट आणि अंधेरीचे सेंट कॅथरिन्स होम चालविणाऱ्या भगिनी याच संघाच्या. भारतीय उपखंडात त्यांचा पहिला मुक्काम कराची हा होता, हे आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल.

येथे एक गोष्ट ओघात सांगितली पाहिजे. कराचीत आधुनिक शिक्षण मिशनऱ्यांनीच आणले, असे आपण सवयीने म्हणतो. ते पूर्ण खरे नाही. सिंधमधील पहिली सरकारी शाळा १८५५ साली कराचीत निघाली. ती आज ज्यांच्या नावाने ओळखली जाते, ते नारायण जगन्नाथ वैद्य मराठी होते. सिंधच्या शिक्षण खात्यात ते डेप्युटी इन्स्पेक्टर होते आणि सिंधी भाषेच्या लिपीच्या कामातही त्यांनी लक्ष घातले होते. एका मराठी अधिकाऱ्याच्या नावाची शाळा आणि मुंबईच्या येशूसंघीयांची शाळा, अशा दोन शाळा तेव्हा एकाच शहरात नांदत होत्या. आपल्या पूर्वजांनी सिंधला काय दिले, याचा हिशेब कोणी फारसा मांडलेला नाही.

सेंट पॅट्रिक्स ही आरंभी युरोपियन, अँग्लो-इंडियन आणि गोव्याहून आलेल्या कॅथलिक कुटुंबांची गरज होती. गोवेकर मंडळी रेल्वेत, जकात खात्यात, तारखात्यात आणि व्यापारी पेढ्यांवर कारकुनी करीत. परंतु शाळेची शिस्त आणि इंग्रजी यांचा लौकिक पसरला, तसे पारशी, हिंदू आणि मुसलमान कुटुंबांतील मुलगेही येऊ लागले. मॅट्रिकची परीक्षा मुंबई विद्यापीठाची होती. १८८७ साली कराचीत दयाराम जेठमल यांच्या नावाचे कॉलेज निघेपर्यंत पुढील शिक्षणासाठी शहर सोडण्यावाचून गत्यंतर नव्हते आणि त्यांची पहिली वाट आगबोटीने मुंबईस येत असे.

या शाळेने आपले चालक किती वेळा बदलले, हे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. पहिल्या महायुद्धात जर्मन माणूस म्हणजे शत्रूचा माणूस ठरला. मुंबई मिशनमध्ये ज्यांनी आयुष्ये घालविली, त्या धर्मगुरूंपैकी कित्येकांना नजरकैदेत ठेवण्यात आले. अहमदनगरची छावणी त्या काळी जर्मन कैद्यांसाठी प्रसिद्ध होती. १९१५ व १९१६ साली 'गोलकोंडा' नावाच्या जहाजाने जर्मन मिशनऱ्यांची मायदेशी रवानगी झाली. जी शाळा एका राष्ट्राच्या माणसांनी उभारली, तिला त्यांच्याशिवाय चालायला शिकावे लागले. युद्धानंतर मुंबईचे मिशन स्पेनच्या अरागोन प्रांतातील येशूसंघीयांकडे आले; १९३४-३५च्या सुमारास सिंध-बलुचिस्तानचे कार्य डच फ्रान्सिस्कनांकडे सोपविण्यात आले. येशूसंघीय गेले, त्याआधी १९३१ साली महामंदिरासमोर ख्रिस्तराजाचे स्मारक उभारण्यात आले होते. तेवढी त्यांची खूण तेथे मागे राहिली. जर्मन, स्पॅनिश आणि डच हे सगळे आले आणि गेले. वर्गात फळ्यापुढे मात्र बहुतेक वेळ गोवेकर मास्तरच उभे असत. त्यांची नावे कोणत्याही मोठ्या इतिहासग्रंथात सापडत नाहीत.

आणि आता ज्यामुळे ही शाळा गाजते, ती यादी. लालकृष्ण अडवाणी १९३६ ते १९४२ या काळात येथे शिकले. सिंधी आणि इंग्रजी या त्यांच्या शाळेतल्या भाषा. देवनागरी त्यांनी फाळणीनंतर भारतात आल्यावर गिरवली. पाकिस्तानचे पंतप्रधान मोहम्मद खान जुनेजो येथले. पंतप्रधान शौकत अझीझ येथले. आणि परवेझ मुशर्रफही येथलेच. त्यांचा जन्म १९४३ साली दिल्लीत झाला. फाळणीच्या वेळी कुटुंब कराचीस गेले आणि १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात ते सेंट पॅट्रिक्सच्या बाकावर बसले. म्हणजे कराचीत जन्मलेला विद्यार्थी भारतात आला आणि दिल्लीत जन्मलेला कराचीत गेला. जुलै २००१ मध्ये मुशर्रफ राष्ट्राध्यक्ष म्हणून दिल्ली व आग्रा येथे आले, तेव्हा अडवाणी भारताचे गृहमंत्री होते. एकाच शाळेचे दोन माजी विद्यार्थी समोरासमोर बसले. शिखर परिषद निष्फळ झाली. २००२ ते २००४ या काळात एक भारताचा उपपंतप्रधान आणि दुसरा पाकिस्तानचा राष्ट्राध्यक्ष, अशी स्थिती होती. जगात दुसऱ्या कोणत्या शाळेला असे भाग्य, किंवा असे संकट, लाभले असेल असे मला वाटत नाही. मोहम्मद अली जिना मात्र या यादीत नाहीत. ते कराचीचे खरे. परंतु शिकले ते सिंध मदरशात आणि प्रोटेस्टंट मिशनच्या शाळेत. तो मान आपला नव्हे.

माझ्या मनात ठसलेली नावे वेगळी आहेत. जोसेफ कोर्देरो यांचा जन्म १९१८ साली मुंबईत, गोवेकर कुटुंबात झाला. सेंट पॅट्रिक्समध्ये शिक्षण झाल्यावर ते गुरुदीक्षेकडे वळले आणि १९४६ साली धर्मगुरू झाले. १९५८ साली कराचीचे आर्चबिशप आणि १९७३ साली पाकिस्तानचे पहिले कार्डिनल झाले. ११ फेब्रुवारी १९९४ रोजी, लूर्द मातेच्या सणादिवशी, कराचीतच त्यांचे निधन झाले. फाळणीच्या वेळी ते तरुण धर्मगुरू होते. मुंबईत जन्मलेल्या माणसाला परतण्याची वाट मोकळी होती. ते राहिले. दुसरे नाव वॉलिस मथायस यांचे. स्लिपमध्ये झेल घेण्यात त्यांचा हातखंडा होता. १९५५ ते १९६२ या काळात ते पाकिस्तानकडून २१ कसोटी सामने खेळले आणि त्या संघात खेळलेले ते पहिले बिगरमुसलमान खेळाडू. त्यांच्यामागून १९५९ साली आंताव डिसोझा आले. जन्म गोव्यातील नागोव्याचा, शाळा हीच. एका मुस्लिम राष्ट्राच्या संघात दोन गोवेकर कॅथलिक, आणि त्यांचे खेळाचे पहिले मैदान या शाळेचे.

फाळणीचा घाव शाळेवर कसा पडला असेल, याची कल्पना वर्गाच्या हजेरीपटावरून करावी. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली आणि उरलेसुरले हिंदू कुटुंबीय बोटींनी मुंबईकडे निघाले. अडवाणी त्याआधीच, सप्टेंबर १९४७ मध्ये, आले होते. माझे वृद्ध धर्मग्रामस्थ सांगत, की हजेरी घेताना मास्तर नाव उच्चारीत, थोडा वेळ थांबत आणि पुढच्या नावाकडे वळत. पट लगेच कोणी बदलला नाही. त्या रिकाम्या बाकांवर पुढे दिल्ली, लखनौ आणि मुंबईहून आलेली मुले बसली.

याच वेळी दुसरी एक फाळणी शांतपणे झाली, आणि ती आपल्या घरातली आहे. वसई १८८६ पासून दमण धर्मप्रांतात होती. १९२८ साली तो धर्मप्रांत मोडून आपला भाग मुंबई आर्चडायोसिसला जोडण्यात आला. कराची तर आधीपासूनच मुंबईची. १९४८ साली कराचीचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि १९५० साली ते आर्चडायोसिस झाले. याचा अर्थ १९२८ ते १९४८ अशी वीस वर्षे वसईचा शेतकरी आणि कराचीचा गोवेकर कारकून यांचे आर्चबिशप एकच होते. शाळेचे हित पाहणारी गादीही एकच होती. आपण ज्या शाळेला पाकिस्तानची म्हणतो, ती आपल्या वाडवडिलांच्या काळी आपल्याच आर्चडायोसिसची शाळा होती.

पुढची कथा थोडक्यात सांगतो. १९६०-७०च्या दशकांत गोवेकर कुटुंबे मोठ्या संख्येने कॅनडा, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाला गेली आणि त्यांच्याबरोबर मास्तरही गेले. १९७२ साली खासगी शिक्षणसंस्थांचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा शाळेचे भावंड असलेले सेंट पॅट्रिक्स कॉलेज सरकारजमा झाले; ते परत मिळण्यास २००५ साल उजाडावे लागले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये अडवाणी पाकिस्तानच्या दौऱ्यावर गेले असता आपल्या जुन्या शाळेत जाऊन आले. २०११ साली शाळेला दीडशे वर्षे झाली.

ज्या समाजाने शाळा बांधली, तो समाज तेथे आता मूठभर उरला आहे. आमच्या परिषदेतील प्रश्न तेथे कोणी विचारला असता, तर पहिल्या दहांत एक तारका तरी निघाली असती का, याची मला शंका आहे. शाळा मात्र भरते. शाळा कोणासाठी, याचा निर्णय बांधणाऱ्यांच्या हाती फार काळ राहत नाही, हे मला त्या शिक्क्याच्या पुस्तकाने शिकविले. सेमिनरीतील सात-आठ वर्षांत ते कोणी शिकविले नव्हते. अर्थात, आपल्या मुलांचा टक्का घसरतो आहे ही पालकांची चिंता खोटी आहे, असे मी म्हणणार नाही. ती खरी आहे, आणि तिचा उपाय संध्याकाळच्या अभ्यासवर्गात आहे. आम्ही तो गेल्या जूनपासून मिशनच्या जुन्या इमारतीत सुरू केला आहे. सोळा मुले येतात. दिवे कमी आहेत.

या वर्षीचा मसुदा कालच आला. पहिल्या दहांत आपली मुले चार आहेत. यादीत तारका नाहीत. छापखान्यात जाण्याआधी परिषदेच्या एका ज्येष्ठ सदस्यांनी ती पाहिली आणि विचारले, "फादर, खुणा राहिल्या वाटते?" मी त्यांना राहिल्या नसून काढल्या आहेत असे सांगितले. ते म्हणाले, मग हा विषय बैठकीत घ्यावा लागेल. बैठक पुढच्या रविवारी, दुसऱ्या मिस्सेनंतर आहे.