घसारा वजा जाता

कॉमर्सच्या पदवीधराला इतिहास शिकवत नाहीत, असा लोकांचा एक समज आहे. तो खोटा आहे. आमच्या अभ्यासक्रमात इतिहासावर एक स्वतंत्र प्रकरणच असतं, फक्त त्याला घसारा म्हणतात. वस्तू जुनी झाली की तिची किंमत किती उरते हे काढायच्या दोन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत वस्तू दरवर्षी सारख्या हप्त्याने मरते आणि ठरलेल्या साली तिचं तेरावं उरकून मोकळं होता येतं. दुसरीत दरवर्षी उरलेल्या किमतीवर घसारा कापतात. त्यामुळे वस्तू खंगत जाते, खंगत जाते, पण काही केल्या मरत नाही. प्रत्येक घराण्यात अशी एखादी आत्या असतेच.

दहा हजारांची मोटार घ्या, १५ टक्के घसारा लावा आणि दुसऱ्या पद्धतीने पन्नास वर्षं चालू द्या. शेवटी पुस्तकात दोन रुपये शहाण्णव पैसे उरतात. हे गणित मी एकदा अकोल्याच्या आमच्या साडूभाऊंना त्यांच्याच जीपच्या बॉनेटवर बोटाने करून दाखवलं. त्यानंतर दोन महिने त्यांचा फोन आला नाही.

आला तेव्हा सरकारी नियम घेऊन आला. जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने जुन्या मोटारींसाठी एक नियम काढला आहे. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटून गेलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी मिळते, ती दहा वर्षं चालते. फी वीस हजार रुपये. म्हणजे दोन रुपये शहाण्णव पैशांच्या वस्तूला वीस हजारांची पाटी! असा व्यवहार आमच्या शाखेत कुणी मांडला असता तर मॅनेजरसाहेबांनी आधी त्याला पाणी दिलं असतं.

पण नियमात खरी ग्यानबाची मेख पुढे आहे. गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालणार नाही. आणि आमच्या वऱ्हाडात मूळ स्वरूपात फक्त ऊन सापडतं.

साडूभाऊंची जीप १९५८ची. त्यांच्या वडिलांनी घेतलेली. तेव्हा देशात नवे पैसे येऊन एकच वर्ष झालं होतं आणि वऱ्हाड मुंबई राज्यात येऊन दोन. जीप महिंद्रांची, पण कूळ अमेरिकेचं. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीपगाड्या काढल्या. युद्ध संपलं तेव्हा त्यातल्या पुष्कळ हिंदुस्थानात पडून होत्या. त्या सरकारने लिलावात काढल्या. यांना लोक ‘डिस्पोजलची जीप’ म्हणत. पुढे १९४७ साली मुंबईत विलीजच्या जीपची जुळणी सुरू झाली. ती करणाऱ्या कंपनीचं नाव तेव्हा महिंद्र अँड मोहम्मद होतं. त्यातले मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही झाले. भागीदार निवृत्त झाला की त्याच्या भांडवलाचं काय करायचं, यावर आम्हाला परीक्षेत दहा मार्कांचं उदाहरण असायचं. भागीदार गव्हर्नर जनरल झाला तर काय करायचं, हे मात्र पुस्तकात नव्हतं.

विलायती मोटारी त्याआधीपासून येत होत्याच. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला होता. १९५४ साली तो गुंडाळला गेला, कारण सरकारने ठरवलं की ज्यांना इथेच गाडी बनवायची आहे त्यांनीच राहावं. मग उरल्या त्या वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरची फियाट, बिर्लांची अँबॅसडर आणि आपली ही जीप. फियाटसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट बघत. मिळाली की ती जुनी म्हणून विकली तरी नव्यापेक्षा जास्त पैसे येत. घसाऱ्याच्या प्रकरणाला उलटं टांगणारी अशी वस्तू जगाच्या बाजारात क्वचितच झाली असेल.

अशा काळात गाडी भंगारात घालणं म्हणजे म्हातारपणी बाप घराबाहेर काढण्यासारखं होतं. गाडी दुरुस्तच करायची, काहीही झालं तरी. महायुद्धात पेट्रोल रेशनवर गेलं तेव्हा आपल्या लोकांनी बसगाड्यांच्या पाठीला कोळशाची भट्टी बांधली होती आणि त्या गॅसवर बस चालवली होती. त्यापुढे इंजिन बदलणं म्हणजे काय, किरकोळ.

अमेरिकेतही नेमक्या त्याच सुमारास पोरं जुन्या गाड्यांची इंजिनं बदलत होती. कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसच्या उत्तरेला कोरड्या पडलेल्या तलावांची सपाट मैदानं आहेत. तिथे ही पोरं १९३२ची फोर्ड घेऊन जात. तिचे मडगार्ड काढत, वजन उतरवत, इंजिन तेज करत आणि धूळ उडवत सुटत. या गाड्यांना ‘हॉट रॉड’ म्हणतात. तापलेली सळई! १९४८ साली तर त्याच नावाचं मासिकही निघालं. तिथे सारा खटाटोप वेगासाठी. आमच्याकडे तोच खटाटोप, तेच पाने, तेच वेल्डिंग, पण हेतू एकच: ॲव्हरेज. १९७३ साली अरबांनी तेलाचे भाव वाढवले आणि पेट्रोलची जीप दारात उभी करणं म्हणजे जावई कायमचा मुक्कामाला ठेवण्यासारखं झालं. डिझेल त्या मानाने पुष्कळ स्वस्त. मग गावोगावच्या मिस्त्र्यांनी जीपचं आणि अँबॅसडरचं पेट्रोल इंजिन उतरवून त्या जागी मॅटाडोरचं डिझेल इंजिन चढवायला सुरुवात केली. कॅलिफोर्नियाची सळई तापलेली, वऱ्हाडची निवलेली. पण माझ्या मते कारागिरी आमची जास्त. वेग वाढवायला जोर लागतो. खर्च कमी करायला अक्कल लागते.

साडूभाऊंच्या जीपमध्येही १९८६ सालापासून मॅटाडोरचं इंजिन आहे. आणि त्यांना व्हीए पाटी हवी होती. तेव्हा ठरलं असं, की डिझेल इंजिन उतरवायचं आणि मूळ जातीचं पेट्रोल इंजिन कुठूनतरी पैदा करून बसवायचं. मूळचं इंजिन १९८६ सालीच भंगारात गेलेलं.

यंदा, म्हणजे २०२६ साली, प्रजासत्ताक दिन सोमवारी आला. त्याच्या मागे रविवार, त्याच्या मागे चौथा शनिवार. २०१५पासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुटी असते, हे ज्याला ठाऊक नाही असा माणूस नेमका त्याच दिवशी ड्राफ्ट काढायला येतो. तीन दिवस सलग मोकळे. मी अमरावतीहून शुक्रवारी रात्रीच निघालो. “तुम्हाला सायकलची चेन बसवता येत नाही, तिथे जाऊन करणार काय?” असं सौभाग्यवतींनी विचारलं. प्रश्न रास्त होता.

गॅरेज अकोल्यात, मोर्णेपलीकडे जुन्या शहरात. उस्तादांचं वय साठीच्या पुढे. तेही गाडीसारखेच, कुठे काही दुखतंय असं वाटत नाही, पण उठताना आवाज येतो. साडूभाऊंनी त्यांना नियम वाचून दाखवला. उस्तादांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि पोऱ्याला चहा सांगितला.

मला काम मिळालं ते बोल्ट धुण्याचं. डिझेल भरलेल्या घमेल्यात बोल्ट टाकायचे, ब्रशने घासायचे आणि गोणपाटावर मांडायचे. हे काम आपल्याला जमणार हे मी पाहताक्षणी ओळखलं. संध्याकाळी कॅश बंद करताना नोटा लावतो तसे मी बोल्ट लावायला लागलो. आणि लावता लावता एक गंमत दिसली. निम्मे बोल्ट इंची मापाचे, निम्मे मिलिमीटरचे. जीप अमेरिकन म्हणून इंचात, मॅटाडोरचं घराणं जर्मन म्हणून मिलिमीटरमध्ये. एकाच बॉनेटखाली दोन संस्कृती चाळीस वर्षं नांदत होत्या आणि पोऱ्या दोन्ही पान्यांचे संच बगलेत मारून फिरत होता. काही बोल्ट दोन्हींत बसेनात. “ते इथले,” उस्ताद म्हणाले. लेथवर काढलेले.

एका बोल्टाच्या डोक्यावर इंग्रजी ‘एफ’ कोरलेला होता. मी तो कंत्राटदाराची खोटी सही सापडल्यासारखा साडूभाऊंना दाखवला. महायुद्धात फोर्डने जीपगाड्या बनवल्या तेव्हा आपल्या बोल्टांवरसुद्धा हे अक्षर मारलं होतं, विलीजशी मिसळ होऊ नये म्हणून. म्हणजे हा बोल्ट कुठल्यातरी डिस्पोजलच्या जीपमधून निघून, कुणाच्या तरी डब्यात पडून, १९५८च्या जीपमध्ये येऊन बसला होता. वयाने गाडीपेक्षा मोठा आणि तरीही नियमाप्रमाणे उपरा.

“उस्ताद, मूळचं काय काय आहे याच्यात?” साडूभाऊंनी विचारलं.

उस्तादांनी गाडीला एक चक्कर मारली. पाटे बदललेले. गिअरबॉक्स दोनदा खोललेला. पुढचा पत्रा एका बैलगाडीशी चर्चा झाल्यावर नवा बसवलेला. ते उजव्या बाजूला थांबले आणि फडक्याने चासी पुसली.

“नंबर,” ते म्हणाले. “नंबर हाय मूळचा. बाकी सारं आपलं हाय.”

मला हे बँकेच्या दृष्टीने पटलं. आम्हीही गाडीवर कर्ज देताना चासीच्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासतो आणि तो छाप फाइलला लावतो. गाडी म्हणजे नंबर. पण साडूभाऊंचा चेहरा उतरला. शेतकरी माणूस. त्यांच्या घरी आजोबांचा वखर आहे. त्याची पास लोहाराकडून कितीदा नवी आली, दांडी कितीदा बदलली, कुणी मोजलेलं नाही. तरी तो आजोबांचाच. तिथे त्यांना कधी नियम लागला नव्हता.

रविवारी दुपारी चेनकप्पी लावून इंजिन सैल केलं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये एक जाड लोखंडी प्लेट होती. जर्मन इंजिनाचं तोंड अमेरिकन गिअरबॉक्सला लागत नाही, म्हणून मध्ये हा दुभाषा लागतो. उस्ताद तिच्यावर वाकले आणि बराच वेळ सरळ झाले नाहीत. मला वाटलं कंबर धरली. प्लेटच्या कडेला छिन्नीने दोन अक्षरं ठोकलेली होती आणि पुढे ‘८६’. अक्षरं त्यांच्या उस्तादांची. ही प्लेट एका जिनिंगच्या लेथवर रात्रपाळीत काढली होती, असं त्यांनी सांगितलं. भोक दोनदा चुकलं आणि तिसऱ्यांदा बसलं, तेव्हा ते स्वतः बावीस वर्षांचे होते आणि बत्ती धरायचं काम त्यांच्याकडे होतं.

“इंजिन त काढून देतो, भाऊ,” ते साडूभाऊंना म्हणाले. “त्याचं काई नाई. पन हे प्लेट भंगारात नाई जाईन. हे मी घरी नेतो.”

दिल्लीत १९६४पासून जुन्या मोटारींची रॅली निघते. संस्थानिकांच्या रोल्स रॉइस तिथे चकचकीत होऊन येतात. चांगली गोष्ट आहे. पण ज्या गाड्यांनी आमच्याकडे सरकीची पोती, बाळंतिणी आणि निवडणुकीच्या पेट्या वाहिल्या त्या त्यांत कधीच बसणार नाहीत. कारण त्या वापरल्या गेल्या, मोडल्या आणि कुणीतरी रात्रपाळीत त्या नीट केल्या. नियम करणाऱ्यांचंही चूक नाही. उद्या कुणीही ट्रकच्या चासीवर टोपली ठेवून ती पेशव्यांची म्हणेल. तरी मला वाटतं, की एक रकाना आमच्यासाठी असायला हवा होता: ‘कोणी, कधी आणि कशासाठी बदललं’. बँकेच्या लेजरमध्ये खाडाखोड झाली तर आम्ही वर सही आणि तारीख घेतो. मग ती खाडाखोड खोटी ठरत नाही. हिशेबाचाच भाग होते. त्या प्लेटवर सही होती आणि सालही होतं.

साडूभाऊ बराच वेळ गप्प होते. नंतर त्यांनी मला विचारलं, की दुसऱ्या जीपचं पेट्रोल इंजिन आणून बसवलं तर ते मूळचं कसं धरायचं. मी म्हटलं, खात्याला दुसऱ्याची सही चालत नाही. त्यांनी उस्तादांकडे बघून हात हलवला. चेनकप्पी पुन्हा खाली आली. मी गोणपाटावर लावलेले सगळे बोल्ट, इंची आणि मिलिमीटर, ‘एफ’वाल्यासकट, आपापल्या भोकात परत गेले. साधी नोंदणी आणखी पाच वर्षांसाठी ताजी करायची, दहा हजार भरायचे, असं ठरलं. पेट्रोल आणि डिझेलच्या भावांतली ती जुनी दरी आता राहिलेली नाही, हे मी सांगून पाहिलं. कुणी ऐकलं नाही.

सोमवारी झेंडावंदन झाल्यावर मला अमरावतीला सोडायला सगळेच निघाले. उस्ताद पुढे, आवाज ऐकायला. जून २०२२मध्ये याच रस्त्यावर पंचाहत्तर किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून जागतिक विक्रम झाला होता. आम्ही त्यावरून ताशी चाळीसने चाललो आणि विक्रमाला धक्का लावला नाही. मूर्तिजापूर लागलं. इथल्या शकुंतलेच्या गाडीला मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन १९९४पर्यंत ओढत होतं, तेही अर्थात असंच उघडझाक करून.

पुढे एका पंपावर थांबलो. पोरगा विशीतला. त्याने जीपकडे आदराने पाहिलं, बॉनेटवरून हात फिरवला, “काय ओरिजिनल ठेवली राजेहो!” म्हणाला आणि सरळ पेट्रोलची नळी उचलली.

“डिझेल! डिझेल!” असं आम्ही चौघेही एकदम ओरडलो. उस्तादांचा आवाज सगळ्यात मोठा होता.