त्वचेवरून पडद्यावर : अमेरिकेतील पारंपरिक गोंदणलेखन आणि त्यावर आधारलेले फॉन्ट – एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

गोंदण ही मराठी समाजाला अपरिचित गोष्ट नाही. कपाळावरील व हनुवटीवरील ठिपके, हातावरील तुळशीवृंदावन आणि जत्रेत बसलेल्या गोंदणाऱ्याकडून दंडावर लिहून घेतलेले नाव यांतून चित्र आणि अक्षर असे गोंदणाचे दोन्ही प्रकार येथे रूढ झाले. चित्ररूप गोंदणाकडे लोकसंस्कृतीच्या अभ्यासकांचे लक्ष सहज जाते. गोंदलेले अक्षर मात्र केवळ मजकूर म्हणून वाचले जाते आणि त्याच्या वळणाकडे दुर्लक्ष होते. या दुर्लक्षित अक्षराला छपाईच्या आणि संगणकाच्या बाजारात मोठे मोल येऊ शकते, याचे ठळक उदाहरण अमेरिकेत आढळते. तेथील 'पारंपरिक' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोंदणलेखनावरून गेल्या काही दशकांत असंख्य फॉन्ट तयार झाले असून चित्रपटांची भित्तिपत्रके, कपडे, मद्याच्या बाटल्या आणि संगीताच्या तबकड्यांची वेष्टने यांवर ते सर्रास दिसतात.

ही अक्षरे गोंदणकारांनी शून्यातून निर्माण केली, असा समज रूढ आहे. तो तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. ही अक्षरे मुळात कागदावरून आणि दुकानांच्या फलकांवरून त्वचेवर आली. त्वचेने त्यांना नवे रूप दिले. आणि नंतर ती पुन्हा कागदावर व पडद्यावर परतली. या परतीच्या प्रवासात दोन गोष्टी गळून पडल्या : अक्षराच्या रूपामागील कारण आणि ते घडवणाऱ्या कारागिराचे नाव.

१. लेखनयंत्रातून जन्मलेले गोंदणयंत्र

अमेरिकन गोंदणाच्या इतिहासात ८ डिसेंबर १८९१ हा दिवस महत्त्वाचा मानला जातो. न्यूयॉर्क येथील गोंदणकार सॅम्युअल ओरायली यांना या दिवशी विजेवर चालणाऱ्या गोंदणयंत्राचे एकस्व मिळाले. हे यंत्र थॉमस एडिसन यांच्या विद्युत लेखणीवर आधारलेले होते. एडिसन यांनी १८७६ मध्ये एकस्व घेतलेली ही लेखणी कार्यालयीन उपयोगासाठी होती. तिची सुई वेगाने वरखाली होऊन कागदाला बारीक छिद्रे पाडी आणि त्या छिद्रांतून शाई दाबून एकाच पत्राच्या अनेक प्रती काढता येत. महाविद्यालयीन कार्यालयांत दीर्घकाळ वापरात असलेले सायक्लोस्टाइल यंत्र याच तत्त्वावर चाले.

कागदाऐवजी त्वचेला छिद्रे पाडणे, हा ओरायली यांनी केलेला बदल वरवर लहान वाटतो. तथापि हस्ताक्षराच्या प्रती काढण्याचे साधन गोंदणाचे साधन व्हावे, ही बाब प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. लेखन आणि गोंदण यांचे नाते येथे यंत्राच्या पातळीवरच जुळलेले दिसते.

२. फलकलेखनाचे वळण

विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्कमधील बावरी हा भाग या व्यवसायाचे केंद्र होता. खानावळी, दारूचे गुत्ते, स्वस्त करमणुकीची ठिकाणे आणि न्हाव्यांची दुकाने यांच्या गर्दीत गोंदणकार बसत. रंगीत फलक आणि जाहिराती यांनी हा परिसर भरलेला असे. फलक रंगवणाऱ्यांसाठी वळणांचे नमुने देणारी पुस्तकेही याच काळात निघाली. फ्रँक ॲटकिन्सन यांचे फलकलेखनावरील पुस्तक १९०९ मध्ये, तर रॉस जॉर्ज यांच्या 'स्पीडबॉल' पाठ्यपुस्तकाची पहिली आवृत्ती १९१५ मध्ये प्रसिद्ध झाली. जाड उभी रेघ, टोकदार किंवा फाटे फुटलेली सेरिफ, अक्षरामागे पडणारी सावली ही वैशिष्ट्ये गोंदणात दिसतात. ती फलकलेखनात आधीच स्थिरावलेली होती.

लू अल्बर्ट्स (१८८०–१९५४) हे भिंतीच्या नक्षीकागदाचे आरेखन करणारे कारागीर गोंदणाच्या व्यवसायात आले. त्यांनी गरुड, हृदय, जहाज, गुलाब यांची चित्रे मोठ्या कागदांवर आखून ते कागद इतर गोंदणकारांना विकले. अशा नमुनाकागदांना 'फ्लॅश' म्हणतात. चित्र त्वचेवर उतरवण्याची रीतही ठरून गेली. सेल्युलॉइडच्या पट्टीवर चित्राच्या रेषा कोरावयाच्या, त्या खाचांत कोळशाची पूड भरावयाची आणि त्वचेवर व्हॅसलीन लावून ती पट्टी दाबावयाची. यामुळे एकच चित्र शेकडो ग्राहकांवर तंतोतंत उमटवता येई.

नावाचे मात्र तसे नव्हते. हृदयावरून जाणारी फीत नमुन्यात अनेकदा कोरी ठेवलेली असे आणि त्या जागेत ग्राहकाच्या आईचे, प्रेयसीचे किंवा जहाजाचे नाव लिहावे लागे. चित्र साच्यातले, पण अक्षर हातचे, अशी ही विभागणी होती. फितीच्या वळणानुसार अक्षरे कमीजास्त रुंद करणे, लांब नाव दाटीने बसवणे, लहान नावाभोवती फुलपाकळ्या सोडणे हे निर्णय गोंदणकाराला ग्राहकासमोर, तिथल्या तिथे घ्यावे लागत. गोंदणकाराचे स्वतंत्र कौशल्य शोधावयाचे तर ते या कोऱ्या फितीत शोधावे लागते.

३. त्वचेचे नियम

कागद शाई जशीच्या तशी धरून ठेवतो, त्वचा तसे करत नाही. गोंदणाची शाई त्वचेच्या आतील थरातील भक्षकपेशींमध्ये साठते. या पेशी मरतात तेव्हा मोकळे झालेले रंगकण नव्या पेशी पुन्हा सामावून घेतात, असे फ्रान्समधील संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले. त्यामुळे गोंदण टिकते. परंतु वर्षे जातात तशी रेघ थोडी पसरते आणि तिची धार बोथट होते.

याचा परिणाम अक्षरांवर सर्वांत आधी दिसतो. रोमन लिपीतील 'ए' किंवा 'ई' या लहान अक्षरांच्या पोटातील मोकळी जागा बुजली, तर अक्षर ओळखता येत नाही. म्हणून अनुभवी गोंदणकार अक्षरे मोठी काढत, त्यांतील पोकळी ऐसपैस ठेवत आणि बाह्यरेषा जाड करत. होनोलुलूच्या चायनाटाउनमध्ये दुकान चालवणारे नॉर्मन कॉलिन्स ऊर्फ 'सेलर जेरी' (१९११–१९७३) यांच्या कामात हा ठाशीवपणा ठळकपणे दिसतो. त्यांच्या ग्राहकांत नौसैनिकांचा मोठा भरणा होता. बोटांच्या पेरांवर आठ अक्षरे गोंदवून घेण्याची खलाशांची प्रथाही या संदर्भात लक्षात घ्यावी लागते. एका पेरावर एकच अक्षर मावते, तेथील कातडी सतत ताणली जाते आणि झिजते; त्यामुळे साधे व जाड अक्षरच तेथे तग धरू शकते. आज जी शैली 'रांगडी' म्हणून पसंत केली जाते, तिचा बराचसा भाग टिकाऊपणाच्या गरजेतून आलेला आहे.

४. तुरुंगातील 'ओल्ड इंग्लिश'

दुसरा प्रवाह कॅलिफोर्नियातील मेक्सिकन वंशाच्या चिकानो समाजातून आला. युरोपात पंधराव्या शतकात गुटेनबर्ग यांनी बायबल ज्या वळणात छापले, ते टोकदार, काळेभोर 'ब्लॅकलेटर' वळण अमेरिकेत 'ओल्ड इंग्लिश' या नावाने पदव्या, प्रमाणपत्रे आणि वृत्तपत्रांची शीर्षके यांवर टिकून राहिले होते. लॉस एंजेलिसमधील चिकानो तरुणांनी आपल्या टोळ्यांची व सदस्यांची नावे भिंतींवर लिहिताना हेच वळण उचलले. सत्तेच्या कागदपत्रांतील प्रतिष्ठित अक्षर सत्तेबाहेरच्यांनी आपल्या नावासाठी वापरले, याकडे फ्रांस्वा शास्तने यांच्या 'चोलो रायटिंग' (२००९) या पुस्तकाने अभ्यासकांचे लक्ष वेधले.

हे अक्षर तुरुंगातही पोहोचले. कॅसेट प्लेअरची मोटर आणि गिटारची तार यांपासून कैदी गोंदणयंत्र बनवत. या यंत्राला एकच सुई असे, त्यामुळे रेघ अत्यंत बारीक येई. चार्ली कार्टराइट आणि जॅक रूडी यांनी १९७५ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसमध्ये दुकान उघडून तुरुंगातील या एकसुई पद्धतीला व्यावसायिक दर्जा मिळवून दिला. बारीक रेघेमुळे ओल्ड इंग्लिशची सूक्ष्म टोके आणि एकोणिसाव्या शतकातील सुलेखनाची लांबलचक वळणेही त्वचेवर काढणे शक्य झाले. अशा रीतीने पूर्व किनाऱ्यावरील जाड फलकाक्षर आणि पश्चिम किनाऱ्यावरील बारीक सुलेखन असे दोन भिन्न वारसे 'गोंदणशैली' या एकाच नावाखाली एकत्र आले.

५. फॉन्टमधील रूपांतर

१९८६ मध्ये 'फॉन्टोग्राफर' ही आज्ञावली बाजारात आली. फॉन्ट तयार करण्यासाठी ओतशाळेची गरज उरली नाही. पुढील दशकात हाताने काढलेली अक्षरे संगणकात उतरवण्याची लाट आली आणि गोंदणाची अक्षरेही तिच्यात आली. बाजारपेठही अनुकूल होती. १९९९ मध्ये कॉलिन्स यांच्या चित्रांच्या आधारे 'सेलर जेरी' नावाचा व्यवसाय उभा राहिला, तर नव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदणकार डॉन एड हार्डी यांचे नाव व चित्रे असलेले कपडे जगभर खपले.

या रूपांतराची मर्यादा तांत्रिक होती. साध्या फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराला एकच रूप असते, तर कोऱ्या फितीतले नाव जागेप्रमाणे बदलणारे असते. १९९६ मध्ये जाहीर झालेल्या ओपनटाइप तंत्राने एका अक्षराची अनेक पर्यायी रूपे एकाच फॉन्टमध्ये साठवण्याची सोय हळूहळू रुळवली. अर्जेंटिनातील आरेखक आलेहान्द्रो पॉल यांचा 'बुर्गेस स्क्रिप्ट' (२००७) हा फॉन्ट अमेरिकन सुलेखनकार लुई मादाराश यांच्या हस्ताक्षरावर आधारलेला होता. गोंदणासाठी त्यात बदल करून देण्याची मागणी लोक करू लागले. त्यातून पॉल यांनी 'पिएल स्क्रिप्ट' हा स्वतंत्र फॉन्ट तयार केला. 'पिएल' या स्पॅनिश शब्दाचा अर्थच त्वचा असा आहे.

येथे वर्तुळ पूर्ण होते. कागदावरील सुलेखन फॉन्ट झाले आणि फॉन्ट छापील कागदावरून स्टेन्सिलद्वारे पुन्हा दंडावर गेला. मात्र पडद्यावर केसासारखी दिसणारी रेघ त्वचेवर पसरणारच असते. फॉन्ट निवडणाऱ्या ग्राहकाला हे ठाऊक असेलच असे नाही. गोंदणकाराला ते ठाऊक असते. जे ज्ञान पूर्वी अक्षराच्या आकारातच सामावलेले होते, ते आता अक्षरापासून वेगळे झाले आहे.

६. अक्षर कोणाचे?

अमेरिकन कायद्याने या विभक्तीवर एक प्रकारे शिक्कामोर्तब केले. १९७८ मधील एल्ट्रा विरुद्ध रिंगर या खटल्यात मुद्राक्षरांच्या आकाराला स्वामित्वहक्क (कॉपीराइट) लागू होत नाही, असा निर्णय झाला. पुढे १९९२ मध्ये तेथील स्वामित्वहक्क कार्यालयाने फॉन्टच्या आज्ञावलीची संगणकीय कृती म्हणून नोंद करण्याचा मार्ग मोकळा केला. म्हणजे अक्षराचा आकार कोणाचाच नाही, पण त्याची फाइल मात्र कोणाची तरी आहे. गोंदणचित्रासाठी हक्क सांगता येतो, हे माइक टायसन यांच्या चेहऱ्यावरील गोंदणाबाबत २०११ मध्ये झालेल्या वादातून दिसून आले. निव्वळ अक्षरवळणाला मात्र ते संरक्षण नाही. परिणामी फितीत नाव लिहिणारा कारागीर कायद्याच्या दृष्टीने निर्माता ठरत नाही, आणि त्याच्या अक्षराची फाइल बनवणारा ठरतो.

न्यूयॉर्क शहरात १९६१ ते १९९७ अशी ३६ वर्षे गोंदणाच्या व्यवसायावर बंदी होती. ज्या व्यवसायाला नगरीने बेकायदा ठरवले, त्याच्याच अक्षरांचे संगणकीय रूप त्या बंदीच्या अखेरच्या वर्षांत विक्रीची वस्तू होत होते, हा विरोधाभास नोंदवण्यासारखा आहे.

समारोप

गोंदणशैलीचे फॉन्ट ही नक्कल म्हणून त्याज्य ठरत नाहीत. गोंदणकारांनीही फलकांवरून आणि वळणाच्या पुस्तकांवरून अक्षरे घेतली होती. फरक असा, की त्यांनी घेतलेले अक्षर त्वचेच्या नियमांनुसार बदलले आणि त्यात स्वतःचे ज्ञान घातले. फॉन्टनिर्मितीत त्या ज्ञानाची आणि ते देणाऱ्या हाताची नोंद राहणे, हा खरा प्रश्न आहे. भारतात हनीफ कुरेशी (१९८२–२०२४) यांनी 'हँडपेंटेडटाइप' या उपक्रमात रस्त्यावरील पेंटरांची अक्षरे संगणकात उतरवताना फॉन्टला त्या त्या पेंटरचे नाव दिले. ही साधी कृती अमेरिकन अनुभवाच्या पार्श्वभूमीवर मोलाची ठरते.

महाराष्ट्रातही जत्रेतील गोंदणाऱ्यांची देवनागरी त्वचेवर घडलेली आहे. वळणदार हातावर शिरोरेषा कशी धरावयाची, अनुस्वाराचा ठिपका पसरून मात्रेत मिसळू नये म्हणून तो किती दूर द्यावयाचा, जोडाक्षर किती उलगडून लिहावयाचे, हे निर्णय त्यांनाही घ्यावे लागतात. वृद्ध स्त्रीपुरुषांच्या हातांवरील ही अक्षरे त्या हातांबरोबरच नाहीशी होत आहेत. त्यांचा फॉन्ट होवो वा न होवो, त्यांची छायाचित्रे, ती गोंदणाऱ्यांची नावे आणि त्यांनी सांगितलेली कारणे वेळीच नोंदवली जाणे आवश्यक आहे.