टेप थांबवण्याचे बटण

ऑनलाइन शिक्षण म्हटले की आपल्याला २०२० सालचे लॉकडाऊन आठवते. पण दूर बसलेल्यांना इंजिनिअरिंग शिकवायचे कसे, आणि त्यांनी एकमेकांच्या मदतीने शिकायचे कसे, हा प्रश्न बराच जुना आहे. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे नवी अडचण दिसली की ती आधी कुणाला आली होती का, हे शोधायची खोड लागली आहे. या वेळी शोधता शोधता अमेरिकेत कॅलिफोर्नियाला जाऊन पोचलो!

स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९६९ मध्ये स्वतःचे दूरचित्रवाणी प्रक्षेपण सुरू केले. आसपासच्या कंपन्यांतले इंजिनिअर नोकरी न सोडता, कंपनीत बसूनच विद्यापीठातली व्याख्याने पाहू लागले. पण ह्यूलेट-पॅकार्डचा सांता रोझा येथला कारखाना या प्रक्षेपणाच्या टप्प्याबाहेर होता. इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक जेम्स गिबन्स यांनी १९७० च्या दशकात त्यावर साधा तोडगा काढला. व्याख्यानाच्या व्हिडिओ टेप तिकडे पाठवायच्या आणि लहानशा गटाने एकत्र बसून त्या पाहायच्या. मुख्य म्हणजे, कुणालाही शंका आली की टेप थांबवायची, आपापसात बोलायचे, उलगडा झाला की पुढे जायचे. सोबत कंपनीतलाच एक इंजिनिअर मार्गदर्शक म्हणून असे. तो विषयातला पंडित नसला तरी चाले, इतरांना मदत करायची आवड मात्र हवी.

गिबन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात याचा वृत्तांत दिला. टेप पाहून शिकलेले हे इंजिनिअर प्रत्यक्ष वर्गात बसलेल्यांच्या तोडीस तोड, किंबहुना सरस ठरले होते.

मला याचे फारसे नवल वाटले नाही. साठ मुलांच्या वर्गात "समजलं का?" विचारले की सगळे एका सुरात "हो" म्हणतात. खरी शंका मधल्या सुट्टीत शेजारच्याला विचारली जाते. गिबन्स यांनी ती मधली सुट्टीच तासात आणली.

पुढे १९९० च्या दशकात सन मायक्रोसिस्टिम्सच्या संशोधकांनी हाच प्रयोग वेगळ्या रीतीने केला. प्रत्येक जण आपापल्या संगणकासमोर, पण सगळे आवाजाने आणि चित्राने जोडलेले. तरीही निकाल एका खोलीत बसणाऱ्या गटांइतकाच चांगला आला. म्हणजे दोष अंतराचा नव्हता!

मग घोडे अडते कुठे? २०१२ साली एमआयटीने सर्किट्स आणि इलेक्ट्रॉनिक्सचा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम काढला. दीड लाखाहून अधिक लोकांनी नावे नोंदवली, प्रमाणपत्र मिळाले ७,१५७ जणांना. नंतरच्या पाहणीत दिसले की ज्यांनी कुणाबरोबर तरी प्रत्यक्ष बसून अभ्यास केला, त्यांचे गुण एकट्याने अभ्यास करणाऱ्यांपेक्षा साधारण तीनने जास्त होते. २०१३ मध्ये जॉर्जिया टेकने तर ऑनलाइन कसे शिकवावे याचाच अभ्यासक्रम सुरू केला. सुमारे ४१,००० विद्यार्थी! गटांसाठी सगळ्यांनी एकाच ऑनलाइन तक्त्यात नावे भरायची होती. तो तक्ता कोलमडला आणि आठवड्याभरातच अभ्यासक्रम स्थगित करावा लागला.

तक्त्यात नावे नीट भरली म्हणजे तरी गट तयार होतो का? आमचा नातू २०२० साली इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. हजेरीपटाच्या क्रमाने पाच जणांचा गट पाडला होता. एकाच्या गावी नेटची रेंज नाही, दुसऱ्याचा मोबाइल धाकट्या बहिणीच्या शाळेत अडकलेला, उरलेले दोघे व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा दाखवून गायब. अहवाल याने रात्री जागून एकट्याने लिहिला, वर नावे पाचांची. मला म्हणाला, "आजोबा, तक्रार केली तर मी चुगलखोर, नाही केली तर मी गाढव."

त्याला वाटते नुकसान त्याचे झाले. मला वाटते, इतर चौघांचे जास्त झाले. गुण पाचांनाही सारखेच मिळाले, पण त्या चौघांना काय समजले नव्हते हे कुणाला कळलेच नाही. त्यातल्या दोघांना तर कामचुकार म्हणणेही अन्यायाचे होते.

सांता रोझाच्या गटांजवळ इंटरनेट नव्हते. पण मोजकी माणसे होती, ठरलेली वेळ होती, लक्ष ठेवणारे कुणीतरी होते, आणि "थांबा, मला कळले नाही" म्हणण्याची मुभा होती. आज व्हिडिओ थांबवण्याचे बटण प्रत्येकाच्या हातात आहे. पण थांबवल्यावर बोलायला शेजारी कुणी नाही. तंत्र पुढे गेले, ही व्यवस्था मात्र मागेच राहिली.

असो. तुमच्या घरी कुणी ऑनलाइन शिकत असेल तर एकदा विचारून पाहा, अडले की तू कुणाला फोन करतोस? उत्तरात एखादे नाव आले तर काळजी नाही. नुसता खांदा उडवला, तर मात्र दोन-तीन मित्रांना रविवारी घरी बोलवा. पोह्यांचा खर्च फार येत नाही!