सोनेगाव ते मोरवा: छत्तीस मिनिटं

शनिवारी दुपारी काही काम नव्हतं, म्हणून दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश टाकले की सरळ रेषेतलं अंतर सांगणारा छोटासा प्रोग्रॅम लिहिला. पहिली जोडी घेतली नागपूरचा सोनेगाव विमानतळ आणि चंद्रपूरजवळची मोरव्याची धावपट्टी. उत्तर आलं साधारण १२० किलोमीटर. ताशी २०० किलोमीटरने जाणारं छोटं विमान धरलं तर छत्तीस मिनिटं. रेल्वेने अडीच-तीन तास लागतात. पण विमानतळावर तासभर आधी पोचा, उतरल्यावर गाडी शोधा, यात वाचलेला वेळ संपलाच की!

मग गडचिरोली ते भामरागड टाकून बघितलं. १०५ किलोमीटर. म्हणजे आधीच्या जोडीपेक्षा कमीच! पण रस्ता आष्टी, आलापल्ली असा वळसा घेत पावणेदोनशेच्या आसपास जातो. त्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचत आलोय. अशा दिवशी पेशंटला गडचिरोलीला न्यायचं असेल तर अंतर किती धरायचं?

हे दुखणं जुनं आहे. इंग्रजांनी १८६० साली अप्पर गोदावरी नावाचा जिल्हा केला, मुख्यालय सिरोंचा. मध्य प्रांतातला कापूस वर्धा, प्राणहिता, गोदावरी अशा नद्यांतून बोटींनी थेट पूर्व किनाऱ्यावर न्यायचा बेत होता. सर आर्थर कॉटन यांचा त्यासाठी आग्रह. पण वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे, त्यातला एक प्राणहितेवर देवलमरीला. तेवढ्यात १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. १८७१ मध्ये नदीचं काम सोडून दिलं, १८७४ मध्ये जिल्हाच मोडला आणि सिरोंचा चांद्याला जोडलं. कापसाला रस्ता मिळाला, सिरोंचा होतं तिथेच राहिलं.

पुढे १०८ वर्षं सिरोंचाच्या माणसाचा कलेक्टर चांद्याला. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. मी हेही मोजलं. सिरोंचाहून चंद्रपूर काय आणि गडचिरोली काय, सरळ रेषेत दोन्ही एकशे चाळीस-पन्नासच्या दरम्यान! उत्तरेकडच्या गावांची सोय झाली, सिरोंचाला मात्र अंतराच्या हिशोबात फारसं काही मिळालं नाही.

गडचिरोलीला विमानतळ व्हावा अशी चर्चा गेली काही वर्षं चालू आहे. जरूर व्हावा. पण या जिल्ह्यात उडण्याचा खरा उपयोग २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत दिसला. दुर्गम केंद्रांवर मतदान पथकं हेलिकॉप्टरने सोडावी लागली. तिथे प्रश्न वेळ वाचवण्याचा नव्हता, पोचण्याचाच होता.

असो. माझ्या प्रोग्रॅममध्ये नदी नावाचा व्हेरिएबलच नाही. पुढच्या शनिवारी बघतो, पण तो किलोमीटरमध्ये मोजायचा की दिवसांत, हे अजून ठरत नाहीये.